दौलतजादा

लग्नसराई सुरू झाली की आमच्या कनेरगाव नाक्यावर एक गाणे हमखास ऐकू येते. वरात हिंगोलीकडून वाशीमकडे निघालेली असो की वाशीमकडून हिंगोलीकडे, नाक्यावर आली की ती थांबते, गाडीवरचा डीजे वाढतो आणि 'वाजले की बारा' सुरू होते. पैनगंगेच्या अलीकडे मराठवाडा आणि पलीकडे वऱ्हाड. बोली बदलते, भाजीत तिखट बदलते, पण हे गाणे बदलत नाही. 'नटरंग' हा चित्रपट 2010 च्या जानेवारीत आला तेव्हा मी बालवाडीत होते. म्हणजे माझ्या पिढीने लावणी म्हणून जी काही पहिल्यांदा ऐकली ती हीच.

या गाण्याचा अर्थ काय? विचारायला गेले तर कोणीही हसेल. अर्थ उघड आहे. मध्यरात्र झाली आहे, नाचणारी स्त्री समोरच्याला विनवते आहे की आता मला सोडा, मी निघते. बस्स, एवढेच. पण गंमत पाहा. ती 'सोडा' म्हणते आणि ऐकणारे 'वन्समोअर' म्हणतात. ती जितक्या आर्जवाने म्हणते तितक्या शिट्ट्या वाढतात. तिच्या 'नको'चा अर्थ 'हो' असा घ्यायचा, हे आपण कोणी न शिकवता शिकलो आहोत. (आता ध्वनिप्रदूषणाच्या नियमाप्रमाणे रात्री दहालाच लाउडस्पीकर बंद करावे लागतात, त्यामुळे गाण्यातली बाई बाराचे नाव घेते आणि त्याआधीच पोलिसांची गाडी येते, ही गोष्ट वेगळी.)

आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, यांना हे गाणे आवडत नाही. कारण विचारले तर मी अपेक्षिले होते की ते म्हणतील, अश्लील आहे. ते म्हणाले, "हे काय लावणी हाय का बाई? मधात कोणी थांबवतच नाही!"

मला कळेना. गाणे मध्ये थांबवायचे कशाला? मग आबांनी जे सांगितले, त्यावरून मला या लेखाचा विषय सापडला.

आबा तरुणपणी माळेगावच्या यात्रेला जात. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातली ही खंडोबाची यात्रा. मार्गशीर्षात भरते, घोडे, गाढवे, उंट यांचा मोठा बाजार असतो आणि त्याच्या जोडीने तमाशाचे फड. त्या काळी आमच्याकडून मीटरगेज गाडीने पूर्णा गाठायचे, तिथून नांदेड आणि पुढे मिळेल ते वाहन. आबा जायचे बैलजोडी पाहायला. निदान घरी तसे सांगून जायचे. तंबूत तिकीट काढून बसले की लावणी सुरू होई. आणि ती कधीही सलग होत नसे. एखादा प्रेक्षक नोट दाखवी. बाई नाचत नाचत त्याच्यापर्यंत येई, नोट घेई, ढोलकी तेवढ्यापुरती दबकी होई आणि माणूस मोठ्याने पुकारी की अमक्या गावच्या अमक्या पाटलांकडून पाच रुपये. मग ओळ पुन्हा पहिल्यापासून. तोवर दुसरा कोणी हात वर करी. यालाच दौलतजादा म्हणतात. एका लावणीत दहा वेळा दौलतजादा झाली तर लावणी दहा वेळा मोडायची आणि दहा वेळा जोडायची. आबांच्या दृष्टीने लावणी म्हणजे ही मोडतोड. चित्रपटातले गाणे त्यांना बिनमिठाचे वाटते, कारण त्यात कोणाचाच हात वर होत नाही.

"तुम्ही दिले होते का कधी पैसे?" मी विचारले. आजी भाजी निवडत होती, तिचे हात थांबले.

"दिले एकदा. पाच रुपये."

"कशासाठी?"

आबा जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "गाणं तर फुकटच ऐकू येऊ लागलं होतं. नोट दिली की बाई आपल्याकडं पाहती, त्याच्यासाठी द्याचं. आन् नाव पुकारतेत. साऱ्या तंबूला कळतं, कनेरगावचा माणूस आलाय म्हणून."

आजी एवढेच म्हणाली, "पाच रुपयात तवा आठवड्याचं तेल-मीठ येत होतं."

आबांचे हे उत्तर मला फार प्रामाणिक वाटले. आपण समजतो की पैसे नाचाचे असतात. नाचाचे पैसे तर तिकिटातच आले. वरची नोट असते ती दोन गोष्टींची: एक क्षणभराची नजर आणि एक जाहीर झालेले नाव. म्हणजे दौलतजादा ही नाचणारीची कमाई असली तरी तो मुळात देणाऱ्याचा कार्यक्रम आहे. त्या घटकेपुरता रंगमंचावर तो असतो. ती त्याच्या नावाचे निमित्त होते.

लावणीच्या शब्दांकडे या दृष्टीने पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. लावणीत बोलते ती स्त्री. 'मी', 'माझा', 'मला' हे सारे तिचे. पण लिहिणारे कोण? रामजोशी, पठ्ठे बापूराव, अलीकडे चित्रपटांतून ग. दि. माडगूळकर, जगदीश खेबुडकर आणि 'नटरंग'चे गुरू ठाकूर. सगळे पुरुष. म्हणजे तिच्या तोंडी जे येते ते समोर बसणाऱ्याला ऐकायला आवडेल तेच. 'मला जाऊ द्या' हे वाक्यसुद्धा ज्याने जाऊ द्यायचे नाही त्याच्या सोयीने लिहिलेले! ही गोष्ट मी वर्गात बोलून दाखवली तेव्हा आमच्या मराठीच्या मॅडमनी एक दुरुस्ती सुचवली, ती मोलाची आहे. त्या म्हणाल्या, शब्द पुरुषाचे असतील, पण अदा कोणाची?

बैठकीच्या लावणीत कलावंतीण एका जागी बसते. हात, मान, डोळे आणि आवाज एवढ्यावर ती एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणते आणि प्रत्येक वेळी तिचा अर्थ वेगळा करते. एकदा रुसवा, एकदा टोमणा, एकदा चक्क तिरस्कार. वाईच्या यमुनाबाई वाईकर या अदाकारीसाठी नावाजलेल्या होत्या. 1977 मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, 2012 मध्ये पद्मश्री, आणि 2018 मध्ये शंभरी ओलांडून त्या गेल्या. त्यांच्या काही ध्वनिचित्रफिती मी मोबाइलवर पाहिल्या. वय झालेले, दागिना नाही, नाच नाही, नुसती भुवई हलते. कवीने एक अर्थ लिहिला असेल, यांनी त्याचे सात केले. म्हणजे ओळीचा मालक एक आणि अर्थाची मालकीण दुसरी. माझे मत आधीपेक्षा थोडे सैल झाले ते यामुळे.

नाचण्याचे पैसे आणि त्यावरचे गाणे ही काही आपल्याच मातीतली गोष्ट नव्हे. आमच्या इंग्रजीच्या सरांशी बोलताना त्यांनी 'टेन सेंट्स अ डान्स' या अमेरिकन गाण्याची माहिती दिली. 1930 सालचे हे गाणे, शब्द लॉरेन्झ हार्ट यांचे, संगीत रिचर्ड रॉजर्स यांचे. त्या काळी शिकागो, न्यूयॉर्क अशा शहरांत नाचघरे असत. पुरुषाने दहा सेंटचे तिकीट घ्यायचे, ते तिथल्या मुलीला द्यायचे आणि एका गाण्यापुरते तिच्याबरोबर नाचायचे. गाणे संपले की नवे तिकीट. रात्रीच्या शेवटी मुलीने तिकिटे मोजून द्यायची. निम्मे पैसे तिचे, निम्मे नाचघराचे. पॉल क्रेसी या अभ्यासकाने 1932 मध्ये शिकागोच्या नाचघरांवर आख्खे पुस्तक लिहिले. गाण्यातली मुलगी दमलेली आहे, कोणीही येतो आणि तिकीट पुढे करतो, ही तिची कहाणी. लिहिणारा इथेही पुरुषच, पण एक फरक मला जाणवला. ते गाणे गिऱ्हाइकाला उद्देशून नाही. त्यात ती हिशेब मांडते. आपल्या लावणीत शृंगार आहे, ठसका आहे, चावटपणा आहे, अध्यात्मसुद्धा आहे. पण आज किती मिळाले आणि त्यातले माझे किती, हा प्रश्न कोणत्याही चित्रपटातल्या लावणीत मी ऐकलेला नाही.

खरे तर हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. चौफुला, मोडनिंब, जामखेड, सणसवाडी इथल्या कला केंद्रांत संगीत बारीच्या पार्ट्या असतात. भूषण कोरगावकर यांचे 'संगीत बारी' हे 2014 साली आलेले पुस्तक वाचले तर कळते की तिथली बाई म्हणजे केवळ नाचणारी नसते, पार्टीची मालकीणही बाईच असते आणि मिळालेल्या पैशाचे वाटे ठरलेले असतात. थिएटरमालकाचा वाटा, पेटीवाला, तबलजी, ढोलकीवाला यांचा वाटा आणि मग मुलींचा. तिच्या वाट्यावर गावाकडे घर चालते. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' आपल्या ग्रंथालयात आहे, ते मिळवून प्रत्येकाने वाचावे. 1994 सालचे हे आत्मकथन. नाचणाऱ्या आईचा मुलगा, बापाच्या जागी आईचे नाव लावणारा, शिकून डॉक्टर झाला. 2007 मध्ये अपघातात गेला. त्या पुस्तकात नाचणाऱ्या बाईच्या जिवावर घरातले पुरुष बसून खातात, ते वाचताना मला आबांची पाच रुपयांची नोट आठवत राहिली. ती नोट तंबूतून निघून कोणाकोणाच्या हातून गेली असेल? तिच्या हाती शेवटी काय उरले असेल?

विठाबाई नारायणगावकरांबद्दल सांगतात की प्रयोग चालू असताना त्यांना कळा सुरू झाल्या, पडद्यामागे त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. ही गोष्ट आपण कलेवरच्या निष्ठेची म्हणून भाषणांत सांगतो, टाळ्याही घेतो. मला त्यात निष्ठा दिसते तशी तंबूतली सक्तीही दिसते. 'मला जाऊ द्या' हे त्या रात्री कोणी शृंगार म्हणून ऐकले असते काय? 1990 मध्ये त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आले, 2002 मध्ये त्या गेल्या आणि शेवटची वर्षे हलाखीत गेली हे जगजाहीर आहे. त्यांच्या नावाने आता राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देते.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती घरातली आहे. माझी आतेबहीण अकरावीत शिकते. गाव आणि कॉलेज सांगत नाही. गेल्या वर्षी त्यांच्या गॅदरिंगला तिने 'वाजले की बारा'वर नृत्य केले. नऊवारी आत्याची, घुंगरू भाड्याचे, दोन महिने सराव. ती चांगली नाचते, हे मी बहीण म्हणून म्हणत नाही. दुसरे कडवे सुरू झाले आणि पाहुण्यांच्या रांगेतून एक गृहस्थ उठले, पायऱ्या चढून वर आले, दहा-दहाच्या नोटांची चवड तिच्या डोक्यावरून ओवाळली आणि सोडून दिली. नोटा पायाशी पडल्या. मुलांनी आरडाओरडा केला. ती थांबली. गाणे चालूच होते. मग तिने नोटांवर पाय पडू नये म्हणून एका कोपऱ्यात सरकून नाच पुरा केला. पैशाला पाय लावू नये हे आत्याने लहानपणापासून शिकवलेले.

खाली आल्यावर ती रडली. त्या रात्री आत्याकडे जे बोलणे झाले ते सगळे आब्रूचे. कशाला लावणी घेतली, भरतनाट्यम् का नाही, लोक काय म्हणतील. मी तिला धीर द्यायला गेले होते. पण दोन दिवसांनी तिचा फोन आला तेव्हा तिचा आवाज वेगळाच होता.

"ताई, ते पैसे कमिटीनं घेतले. तीनशे चाळीस रुपये होते. त्या माणसाच्या नावानं देणगीची पावती फाडली म्हणे. नाचले मी आन् पावती त्याची!"

मला हसू आले आणि मग आले नाही. "तुला पाहिजे होते का ते पैसे?" मी विचारले.

"मी मागितले नव्हते. फेकले तवा मला घाण वाटली. पण फेकलेच होते तर माझ्या नाचावर फेकले ना? मला एका शब्दानं विचारलं कोणी?"

तिच्या या बोलण्यात विसंगती आहे, असे आमच्या घरात सगळ्यांचे मत पडले. एक तर अपमान म्हण, नाही तर बक्षीस म्हण. मला मात्र यात विसंगती दिसत नाही. अपमान तिचा झाला आणि पैसे दुसऱ्याने नेले, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. आबांच्या काळच्या तंबूत निदान नोट तिच्या हाती पडत होती. इथे ती पायाशी पडली आणि झाडून घेतल्यासारखी दुसऱ्याने नेली. नाव पुन्हा त्या गृहस्थाचेच पुकारले गेले, या खेपेला पावतीवर.

यावर तिच्या कॉलेजने काय करावे? पुढच्या गॅदरिंगपासून लावणी बंद, असा निर्णय झाला. आपल्याकडे अशा प्रश्नांवर हे एकच औषध ठरलेले दिसते. 1948 मध्ये मुंबई प्रांताच्या सरकारने तमाशावरच बंदी आणली होती. पुढे ती उठवावी लागली. (आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. आमच्या लोकांपुढे त्या साली याहून मोठे प्रश्न होते.) 2005 मध्ये महाराष्ट्र सरकारने मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून बियर बार आणि परमिट रूममधला नाच बंद केला. तीन तारे आणि त्यावरची हॉटेले, जिमखाने यांना मात्र सूट होती. म्हणजे श्रीमंताच्या डोळ्यांना तोच नाच बाधत नव्हता. सुमारे 75 हजार स्त्रियांची रोजीरोटी त्यावर होती असा आकडा न्यायालयापुढे आला. 2006 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. सरकारने 2016 मध्ये नवा कायदा केला, त्याचा निकाल 17 जानेवारी 2019 रोजी लागला.

या निकालातली एक बाब आमच्या आतेबहिणीच्या कामाची आहे. सरकारची अट अशी होती की नाचणारीवर पैसे उधळायचे नाहीत, तिच्या हातातही द्यायचे नाहीत. काय द्यायचे ते बिलात मिळवायचे. न्यायालयाने उधळण्यावरची मनाई कायम ठेवली. पण हातात बक्षीस द्यायला हरकत नाही, असे म्हटले. मी कायद्याची विद्यार्थिनी नाही, तरी मला यातला फरक लख्ख दिसतो. उधळलेला पैसा देणाऱ्याचा तोरा असतो. बिलातला पैसा आधी मालकाच्या गल्ल्यात जातो. हातात दिलेला तेवढा तिचा. तीनशे चाळीस रुपयांचे नेमके काय चुकले, ते ज्या अकरावीतल्या पोरीला फोनवर धड सांगता येत नव्हते, ते सर्वोच्च न्यायालयाने अशा रीतीने वेगळे करून ठेवले आहे.

हे सारे मी आबांना वाचून दाखवले. निकालाचे ऐकून ते म्हणाले, "हातातच द्या लागतं. फेकणारा मानूस आमच्या वक्ताला पन होता, त्याला मवाली म्हनत." आजी म्हणाली, "आन् देणाऱ्याला शहाना म्हनत व्हते का?" यावर आबांनी उत्तर दिले नाही.

आपल्याही महाविद्यालयात या वर्षी स्नेहसंमेलनाच्या बैठकीत लावणी ठेवावी की नाही यावर चर्चा निघाली, हे वाचकांना माहीत आहेच. बंद करा म्हणणाऱ्यांत माझ्या मैत्रिणीही आहेत, त्यांची भीती खोटी नाही. पण नाच बंद केल्याने नोट फेकणारा घरी बसत नाही. तो वरातीत जातो, गणपतीपुढे जातो. बंद होते ती फक्त पोरगी. म्हणून मी सांस्कृतिक विभागाकडे एक लेखी अर्ज दिला आहे. त्यात तीन मागण्या आहेत. लावणी ठेवावी. कार्यक्रम चालू असताना जो कोणी रंगमंचावर चढेल, मग तो पाहुणा का असेना, त्याला स्वयंसेवकांनी खाली उतरवावे. आणि कोणाला बक्षीस द्यायचेच असेल तर त्याने ते कार्यक्रम संपल्यावर कलाकाराला विचारून, तिची इच्छा असल्यास, तिच्या हाती द्यावे. नाव पुकारले जाणार नाही, पावती फाडली जाणार नाही.

तिसरी मागणी वाचून एक प्राध्यापक मला म्हणाले, "नाव पुकारणार नसाल तर देणार कोण?"

अर्ज अजून विचाराधीन आहे.